सेंट्रिंग

आमच्या बाबांनी बांधलेलं
नागपुरात आज काहीच उभं नाही.
शालिक मेश्राम, सेंट्रिंगवाले,
पाचपावलीपासून पार हिंगण्यापर्यंत
बल्ल्या लावल्या, फळ्या ठोकल्या,
फळीला जळकं ऑइल पुसलं
(नाहीतर सिमेंट सोडत नाही फळीला,
सोयऱ्यासारखं धरून बसते),
आणि स्लॅब पडल्यावर एकवीस दिवसांनी
आपलंच काम आपल्याच हातानं पाडून
टेम्पोत भरून घरी आले.

छत गवंड्याचं.
घर मालकाचं.
फळ्या निघाल्यावर खाली जे उरायचं
त्याला बिलात रकाना नव्हता.
पण त्या नव्या छताखाली
सगळ्यात आधी उभा राहायचा तो सेंट्रिंगवाला.
एखादं मिनिट. ओल्या सिमेंटचा वास, गारवा,
आवाज टाकला तर परत येतो.
मग मालक नारळ घेऊन यायचा.

लहानपणी ते आम्हाला दीक्षाभूमीवर न्यायचे,
दसऱ्याच्या गर्दीत नाही,
एखाद्या साध्या मंगळवारी, दुपारच्या उन्हातून.
आई हात जोडून समोर बघायची.
बाबा वर.
मान दुखेस्तोवर वर.
"पह्यलेचे स्तूप आतून भरीव राहत," म्हणायचे,
"विटामातीनं गच्च. लोकं भवताल फिरत.
हा पोकळ हाये."
काऊन, मी विचारलं.
"आपल्याले आत बसता यावं म्हणून."

कॉलेजात देवपुजारी मॅडमनी
टेबलावर एक मोडकं स्टूल ठेवलं.
म्हणाल्या, स्टूल काढू नका.
त्याच्या पायांमधली हवा काढा.
वर्ग एकमेकांकडे बघत बसला.
मी काढून मोकळी झाले.
हा तर आमच्या घरचा धंदा.

मग साचाकामाची परीक्षा आली
आणि मी बाबांचा डावा हात मागितला.
मे महिना, कूलरमध्ये पाणी नाही,
घमेल्यात प्लास्टर कालवलेलं.
हाताला व्हॅसलीन चोळलं तसे हसले,
"आमी ऑइल लावत होतो. तू श्रीमंत झाली."
अर्धा तास हललेही नाहीत.
गुडघे गेलेला माणूस
थांबायचं कसं ते विसरलेला नव्हता.

त्या हाताला चार बोटं.
करंगळीशेजारचं धरमपेठेत गेलं,
चौथ्या मजल्यावर, कटरखाली.
ते विषय निघाला की सांगतात,
"थे तिथंच पिलरमधे असन,
त्या लोकायच्या घरात भाडं न देता राह्यते."

साचा उघडला.
तळहाताच्या रेषा उलट्या,
खोलगट होतं ते उंच, उंच होतं ते खोल,
नखांच्या जागी छोट्या वाट्या.
अंगठा पोकळ, तर्जनी पोकळ,
मधलं बोट, करंगळी,
होतं नव्हतं ते सगळं आत नाहीच,
हवा नुसती.
आणि जिथे बोट नाही
तेवढीच जागा
भरलेली. पांढरी. टणक.

मला वाटलं होतं ते काहीतरी बोलतील.
त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला.
नखानं त्या भरीव जागेवर टिचकी मारली.
"एवढं मोठं होतं का थे?"

सोमवारी मॅडमना पुतळा दाखवायचाय.
प्लास्टरची पिशवी तशीच पडलीय,
ओतायचं राहिलंय माझ्याकडून,
दोन्ही तुकडे कूलरवर उघडे ठेवलेत.
बाबा जाता-येता टकटक करतात,
कान लावतात,
जसे एखाद्या स्लॅबला लावायचे.
"ओतू का आता?" मी विचारते.
"घाई काऊन करते," म्हणतात.
"एकवीस दिवस तं होऊ दे."